जवळच आहे

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. लहानपणी आजी एका विमानाची गोष्ट सांगायची. पावसाळ्यातल्या एका रात्री वर घाटमाथ्यावर परदेशातलं विमान पडलं आणि आतलं कुणीच वाचलं नाही, एवढीच ती गोष्ट. तिच्यात वर्ष नसायचं, विमानाचं नाव नसायचं. "तुझा नाना तेव्हा शाळेत जायला लागला होता," ही तिची कालगणना. आम्हा पोरांना ती नानेघाटातल्या भुताखेतांच्याच गटातली वाटायची.

ती गोष्ट खरी असल्याचं मला कळलं वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि कारण होते तेच नाना, माझे थोरले काका. ते गेले त्यानंतर काही महिने मला रात्री झोप लागत नव्हती. दिवसा हिंजवडीत कोड लिहायचो आणि रात्री विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचत बसायचो. त्या वाचनात आजीचं विमान सापडलं. चौकशीने अपघाताचं जे कारण दिलं होतं ते वाचून मी लॅपटॉप मिटला. ते कारण माझ्यावरच लिहिल्यासारखं होतं. पण आधी विमानाबद्दल.

*

विमान अलितालिया या इटालियन कंपनीचं होतं. फ्लाइट ७७१, सिडनीहून रोमला जाणारी. त्या काळी एवढा पल्ला एका दमात गाठणारी विमानं नव्हती, त्यामुळे डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान असे थांबे घेत ती जायची. विमान होतं डग्लस डीसी-८, चार इंजिनांचं जेट आणि जवळजवळ नवंकोरं. ६ जुलै १९६२च्या रात्री त्याने बँकॉक सोडलं. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, म्हणजे एकूण ९४ माणसं होती.

मुंबईत जुलैतली रात्र होती. ढग, पाऊस, काळोख. विमान पूर्वेकडून, म्हणजे देशावरून येत होतं. मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी बोलणं झालं आणि विमान उतरू लागलं. सरळ धावपट्टीच्या रोखाने येऊन उतरायचं, असा बेत होता. बारा वाजून साधारण दहा मिनिटांनी, म्हणजे तारीख बदलून ७ जुलै लागली असताना, संपर्क तुटला.

विमान मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला, जुन्नरच्या बाजूच्या एका डोंगरावर आदळलं होतं. अहवालात त्या डोंगराची नोंद 'दवंड्याची' अशी आहे आणि आदळल्याची उंची साधारण ३,६०० फूट. आमच्या गावातून वर पाहिलं की आभाळाच्या खाली जी काळी भिंत दिसते, तीच ही रांग. ९४ पैकी कुणीही वाचलं नाही.

विमानात बिघाड नव्हता. चौकशीत जे कारण दिलं गेलं ते थोडक्यात असं : दिशादर्शनातल्या चुकीमुळे वैमानिकाला आपण मुकामाच्या प्रत्यक्षापेक्षा जास्त जवळ आहोत असं वाटलं, आणि म्हणून त्याने रात्री, बाहेरचं काही दिसत नसताना, वेळेआधीच विमान खाली आणलं. जोडीला तीन गोष्टी नोंदल्या गेल्या. आपण नेमके कुठे आहोत हे तपासायला जी साधनं उपलब्ध होती, ती वापरली नाहीत. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान नेलं. आणि मार्गावरचा भूप्रदेश वैमानिकाच्या ओळखीचा नव्हता.

प्रत्यक्षापेक्षा जास्त जवळ आहोत असं वाटलं. मी लॅपटॉप मिटला तो इथे.

*

नानांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जुलैच होता. माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, त्याने गावातल्याच एकाची ईको काढली आणि नानांना मुरबाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की हे मोठं आहे, लगेच पुढे हलवा. अँब्युलन्स मिळाली. ऑक्सिजन लावला. मी पुण्यात होतो. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात माझ्या मित्राची बहीण डॉक्टर होती. तिला फोन करून मी सगळं बोलून ठेवलं. अँजिओप्लास्टीची सोय होती, माणसं तयार होती. इंजिनिअर माणसाला संकटात हातात काहीतरी हवं असतं. माझ्या हातात नकाशा होता.

दादाने लाइव्ह लोकेशन पाठवलं होतं. मुरबाड सोडल्यावर थोड्याच वेळात तो निळा ठिपका थांबला. नेटवर्क गेलं. मग मी तेच केलं जे कुणीही करेल. घड्याळात पाहिलं. मुरबाड सोडून पन्नास मिनिटं झाली होती. रात्रीची वेळ, रस्ता मोकळा, म्हणजे कल्याण आलंच असणार.

तेवढ्यात दादाचा फोन लागला. आवाज तुटत होता. तो म्हणाला, "पूल आलाय. नानांना घाम येतोय खूप. ड्रायव्हर विचारतोय कल्याणला कुठे दाखवायचं का."

पूल म्हणजे दुर्गाडीचा, हे मी धरून चाललो. मनातला ठिपका तिथेच पोहोचला होता ना. दुर्गाडीपासून ठाण्याचा वेळ नकाशाने ३२ मिनिटं दाखवला. मी म्हणालो, "दादा, आता कल्याणला वळू नका. अर्धा तास. जवळच आहे. सरळ ठाण्याला या."

पुढे फोन लागला नाही.

तो पूल दुर्गाडीचा नव्हता. रायत्याचा होता, उल्हास नदीवरचा, कल्याणच्या अलीकडचा. मुरबाडच्या पुढे रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं आणि त्यात अर्धा तास गेला होता. हे दादाने मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. रायत्याहून ठाणं तेव्हा एक तासाहून जास्त लांब होतं आणि कल्याण वीस-पंचवीस मिनिटांवर. कल्याणात शिरल्यावर दादाने हॉस्पिटलच्या पाट्या पाहिल्या. ड्रायव्हरने गाडी हळू केली. दादा म्हणाला, नको, सरळ घ्या, तो बोललाय. मी बोललो होतो. मी घरातला शिकलेला मुलगा, माझ्याकडे नकाशा.

रांजणोली नाक्याजवळ ट्रकांची रांग लागली होती. नाना माजिवड्याच्या अलीकडे गेले.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कल्याणला थांबला असतात तरी काही सांगता आलं नसतं. असेल तसं. पण मी चुकीच्या जागेवरून मोजलं होतं, ही गोष्ट त्या वाक्याने पुसली जात नाही.

*

यंत्रं फारशी नसतानाच्या काळात जहाजांवरचे लोक आपली जागा अशीच काढायचे. शेवटची खात्रीची जागा घ्यायची, त्यात वेग आणि गेलेला वेळ मिळवायचा, आणि आपण इथे असू असं नकाशावर टिंब मारायचं. आजही तुमच्या फोनचा जीपीएस बोगद्यात गेला की फोन थोडा वेळ असंच करतो. पद्धत वाईट नाही. अट एकच आहे : ते टिंब म्हणजे अंदाज आहे हे विसरायचं नाही, आणि पहिली संधी मिळताच ते बाहेरच्या एखाद्या खुणेशी ताडून पाहायचं. वाईट होतं ते खूण आणि अंदाज यांची अदलाबदल झाल्यावर. अंदाज मनात इतका पक्का बसतो की समोर दिसणारी खूण आपण त्याच्या मापाने कापून घेतो. मला पूल ऐकू आला आणि मी त्याला दुर्गाडी बनवलं.

विमानात याचा हिशेब फार क्रूर होतो. उतरताना जेट मिनिटाला दहा किलोमीटरच्या आसपास जातं. ८४ किलोमीटर म्हणजे आठ-नऊ मिनिटांचा फरक. तेवढी मिनिटं आधी खाली येणं पठारावर किंवा समुद्रावर कदाचित खपून जातं. मुंबईच्या पूर्वेला ते खपत नाही. देशावरून येताना जमीन तशी सपाट लागते, मग एकदम सह्याद्रीचा कडा येतो आणि त्यानंतर जमीन हजार मीटर खाली कोकणात पडते. कळसूबाई १,६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर. शहापुरातला माहुली कोकणात उभा असूनही ८५८ मीटर. मुंबईत उतरण्यासाठी जी उंची योग्य, ती कडा ओलांडल्यावर योग्य असते, अलीकडे तीच उंची डोंगराच्या पोटात असते. म्हणून प्रत्येक टापूसाठी किमान सुरक्षित उंची ठरवलेली असते. तिच्यात एक शहाणपण आहे : तुमचा अंदाज चुकला तरी तुम्ही मरू नये, अशी ती उंची असते. आपण कुठे आहोत याची खात्री होईपर्यंत तिच्या खाली यायचं नाही.

आणि पावसाळ्यात हे डोंगर दिसत नाहीत. आम्ही पायथ्याला राहून सांगतो, जुलैत चार-चार दिवस कडा दिसत नाही. त्यातला हा एकटा अपघात नाही. १२ जुलै १९४९ला केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईत उतरता उतरता घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ माणसं गेली, त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. ४ ऑगस्ट १९७९ला पुण्याहून मुंबईला येणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान पनवेलच्या बाजूच्या डोंगरात आदळलं, पुन्हा ४५. २०१३च्या सप्टेंबरात आमच्याच मुरबाड तालुक्यात हेलिकॉप्टर कोसळून पाच जण गेले. प्रत्येकाचं कारण निराळं असेल, पण मुंबईच्या आसपास, पावसाळ्याच्या महिन्यांत घडलं हे त्यांच्यात समान आहे.

*

नानांच्या दहाव्याला गावात एकच बोलणं होतं : हेलिकॉप्टर पाहिजे होतं. कुणीतरी म्हणालं, पुढाऱ्यांना मिळतं, आपल्याला का नाही. बरोबरच आहे. आमच्या पोरांनी मोबाइलवर एअर अँब्युलन्सचे व्हिडिओ पाहिलेले. मुरबाड ते ठाणे हवेतून दहा-पंधरा मिनिटांचं काम. मलाही ते तेव्हा पटलं, आणि अहवाल वाचायला मी सुरुवात केली ती खरं म्हणजे त्यासाठीच. हे का होत नाही ते मला पाहायचं होतं.

पहिला अहवाल वाचला तो फरिदाबादचा. २५ मे २०११. पाटण्याहून दिल्लीला एका गंभीर आजारी तरुणाला घेऊन पिलाटस पीसी-१२ जातीचं एका इंजिनाचं विमान निघालं. आत तो पेशंट, सोबतचा नातेवाईक, वैद्यकीय पथक आणि दोन वैमानिक, असे सात जण. दिल्लीच्या दारात वादळी हवा होती. रात्री पावणेअकराच्या सुमारास विमान फरिदाबादच्या पर्वतीय कॉलनीत घरांवर कोसळलं. सातही जण गेले आणि घरातल्या तीन बायका गेल्या. रात्रीच्या वादळी हवेने विमान हिसकावलं गेलं असेल, नियंत्रणं हाताळताना चूक झाली असेल, वैमानिकांचं दिशेचं भान सुटलं असेल, किंवा हे सगळं एकत्र झालं असेल, असा चौकशीचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्याला वाचवायला निघाले त्याच्यासकट दहा.

मग अमेरिकेतलं वाचलं. तिथे हेलिकॉप्टर अँब्युलन्स अनेक दशकं सर्रास वापरात आहेत, आणि अनेक दशकं कोसळतही आल्या आहेत. २००८ साली त्यांचे इतके बळी गेले की २००९च्या फेब्रुवारीत तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चार दिवस जाहीर सुनावणी घेतली. पुन्हा पुन्हा तेच चित्र : रात्र, बिघडत जाणारी हवा, अनोळखी जमीन आणि वाट पाहणारा पेशंट. २०१४मध्ये नवे नियम आले. त्यांत पुढची जमीन किंवा डोंगर ओळखून इशारा देणारं यंत्र या हेलिकॉप्टरांना सक्तीचं झालं.

पण मला थांबवलं ते यंत्राने नाही, एका साध्या प्रथेने. तिथल्या अनेक सेवांमध्ये वैमानिकाला पेशंट कोण आहे, काय झालंय, हे सांगतच नाहीत. त्याला फक्त विचारतात, इथून तिथे, आत्ता, या हवेत जाता येईल का? हो किंवा नाही. लहान मूल आहे हे कळलं की माणूस हो म्हणतो. ढग थोडे वर आहेत असं त्याला वाटायला लागतं, अंतर थोडं कमी वाटायला लागतं. म्हणून अंतर मोजणाऱ्याला काळजीपासून लांब ठेवायचं. दुसरी प्रथा अशी, की पथकातल्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच निघायचं. एक जरी नाही म्हणाला तरी जायचं नाही आणि त्याला कारण विचारायचं नाही.

मी त्या रात्री एकाच वेळी पुतण्या होतो आणि दिशा दाखवणारा होतो. नाना लवकर पोहोचावेत असं मला इतकं वाटत होतं की ते माझ्या हिशेबात पोहोचलेच. अंब्युलन्समध्ये एक माणूस शंका काढत होता, तो ड्रायव्हर. रोज त्या रस्त्याने जाणारा, कल्याणला दाखवायचं का असं विचारणारा. त्याचं नाही आम्ही ऐकलं नाही.

*

अलितालियाच्या अपघातानंतर बारा वर्षांनी, १ डिसेंबर १९७४ला, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जवळपास तसाच अपघात झाला. टीडब्ल्यूए कंपनीची फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनला उतरत होती. वादळी हवा होती. नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली. वैमानिकांनी तिचा अर्थ असा घेतला की आता १,८०० फुटांपर्यंत खाली जायला हरकत नाही. नियंत्रकाच्या मनात तसं नव्हतं. मध्ये डोंगर होता. ९२ माणसं गेली. इथे एकाच शब्दाचा दोन ठिकाणी दोन अर्थ झाला, जसा आमच्यात 'पूल' या शब्दाचा झाला.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. परवानगीच्या भाषेचे नियम कडक झाले, उतरणाऱ्या विमानाने कुठपर्यंत कोणत्या उंचीवर राहायचं ते नियंत्रकाने स्पष्ट सांगायचं ठरलं. डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरने बनवलेलं, जमीन जवळ आली की वैमानिकाला ओरडून सांगणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं. ते सुरुवातीला फक्त पोटाखालची जमीन पाहायचं, त्यामुळे सह्याद्रीसारखा सरळ कडा समोर आला तर इशारा फार उशिरा मिळायचा. नव्वदच्या दशकात त्यात जगभरच्या जमिनीच्या उंचीची माहिती भरली गेली आणि ते पुढचं पाहू लागलं. डोंगरावर धडकून होणारे प्रवासी विमानांचे अपघात त्यानंतर पुष्कळ कमी झाले. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. शेवटी तो एक डेटाबेसच आहे.

तिसरा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. चौकशीत कळलं की त्या अपघाताच्या सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाने त्याच ठिकाणी तीच चूक केली होती आणि ते थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ती चूक आपल्या कंपनीला सांगितली, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोहोचण्याची काही वाटच नव्हती. १९७६ साली अमेरिकेत नासाकडे एक व्यवस्था सोपवली गेली. कोणत्याही वैमानिकाने, नियंत्रकाने आपली चूक तिथे लिहून पाठवायची. नाव गुप्त राहतं, आणि आलेल्या चुका सगळ्यांना वाचायला मिळतात. शिक्षेसाठी वेगळ्या यंत्रणा आहेत, ही व्यवस्था पुढच्याच्या डोंगराची खबर देण्यासाठी आहे.

आपल्याकडे आजारी माणूस हलवताना वाटेत गेला, तर घरात काय उरतं? 'वेळ आली होती', 'पोहोचलो असतो तर', आणि कुणाकडे तरी बोट. त्या रात्री नेमकं काय ठरलं, कुणी, कशाच्या भरवशावर, हे कुणी लिहीत नाही. मीही दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही की 'वळू नका' हे शब्द माझे होते. दादाने मला एकदाही त्याची आठवण दिलेली नाही, तेच जास्त जड जातं.

*

शहापूर-मुरबाडबद्दल बाहेर एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, की ते मुंबईजवळ आहे. जाहिरातीत सेकंड होम 'मुंबईपासून फक्त दोन तासांवर' असतं. शनिवार-रविवारच्या गाड्यांना ते जवळ आहे. पाण्याला तर फारच जवळ : शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय, नंतर भातसाचं जायला लागलं. आजोळ माझं किन्हवलीकडचं. मामा म्हणायचे, आपल्याकडचं पाणी आपल्या आधी मुंबईला पोहोचतं.

हे 'जवळ' दिवसाचं आहे, कोरड्या ऋतूचं आहे आणि धडधाकट माणसाचं आहे. रात्री, पावसात, ऑक्सिजन लावलेल्या माणसासाठी तेच गाव कितीतरी लांब असतं, आणि हे लांब कोणत्याही नकाशावर नाही. तालुक्याचं ठिकाण ते मोठं हॉस्पिटल एवढंच आपण मोजतो. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत खाटेची झोळी करून आणण्यात गेलेला वेळ कुणी मोजत नाही. २०१४पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या अँब्युलन्स धावू लागल्या. ९३७ गाड्यांनी ती सेवा सुरू झाली, आणि तिने कितीतरी जीव वाचवले असतील. पण गाडी मिळाल्यावर कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं, हा निर्णय बऱ्याचदा घाबरलेल्या नातेवाइकांवर आणि त्यांच्या फोनमधल्या माणसावर येतो. फोनमधला माणूस पुण्यात असतो.

हेलिकॉप्टर यावं. दिवसा, स्वच्छ हवेत, नीट बांधलेल्या हेलिपॅडवर जरूर यावं. पण जुलैतल्या रात्री माळशेजच्या पायथ्याला ते उतरवायला सांगणं म्हणजे आणखी तीन-चार माणसांना त्या काळ्या भिंतीकडे पाठवणं आहे. आमची मरणं होतात ती बहुतेक अशाच रात्री. तेव्हा रस्त्यानेच जायचंय असं धरून तयारी करावी लागणार.

मागच्या वर्षी मी आणि दादाने एक साधं काम केलं. गावातल्या गाडीवाल्यांना विचारून आणि स्वतः फिरून वेळा लिहून काढल्या. टोकावडे ते मुरबाड : दिवसा अर्धा तास, पावसाळी रात्री पन्नास मिनिटं. मुरबाड ते कल्याण : दिवसा एक तास, पावसाळी रात्री दीड. कल्याण ते ठाणे : पाऊण तास ते दोन तास, नाक्यावरच्या ट्रकांच्या मर्जीने. रायता पुलावर पाणी असेल तर तो आकडाच नाही, तेव्हा दुसरा रस्ता. खाली हृदय, सर्पदंश, बाळंतपण, डोक्याला मार, यांत पहिल्यांदा कुठे थांबायचं ते तालुक्यातल्या एका डॉक्टरांकडून लिहून घेतलं. त्यांनी वर स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : वाटेतल्या ड्रायव्हरचं ऐका. कागद लॅमिनेट करून गावातल्या चारही गाड्यांत आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. त्यातले रात्रीचे आकडे पाहून एक म्हातारे म्हणाले, "एवढं लांब आहे व्हय आपलं गाव?"

मागच्या पावसाळ्यात रात्री एकच्या सुमाराला दादाचा फोन आला. शेजारच्या वाडीतल्या पोरीला साप चावला होता, ते गाडीत होते, आवाज तुटत होता. "किती वेळ लागेल रे अजून?" त्याने विचारलं.

माझ्यासमोर नकाशा उघडा होता आणि त्यावर ठिपका होता. मी म्हणालो, "ते नंतर. आधी बाहेर बघ आणि मला पाटी वाचून दाखव."

त्याने काच खाली केली. पावसाचा आवाज फोनमध्ये शिरला. मग दादा म्हणाला, "सरळगाव."

माझा ठिपका मुरबाडात होता. मी तो मागे आणला.